वहिनीचा भोपळा

दादाने पहिल्यांदा ती वस्तू दोन सायकलींच्या कॅरिअरवर आडवी टाकून, मित्राच्या मदतीने ढकलत घरी आणली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "टाकीला भोक असं मधोमध का ठेवलंय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. दादा सातपूरला फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्यामुळे आमच्या कॉलनीत फायबरची कुठलीही गुळगुळीत वस्तू म्हणजे टाकीच, आणि ही दोन्ही टोकांना निमुळती म्हणजे साच्यात बिघडलेली टाकी. रंग गडद केशरी, कारण त्या दिवशी कारखान्यात तेवढाच उरला होता. काकूंनीच मग तिला नाव दिलं, भोपळा. कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची बंदिस्त बोट, हा शब्द आमच्या घरात दादाशिवाय कुणाच्या तोंडी बसला नाही, आणि तो तरी बिचारा एकटा किती दिवस म्हणणार.

हे ऐंशीच्या पुढचं, एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे. मी कॉलेजात होते. कारखान्यात मशीन बसवायला एक परदेशी साहेब आला होता, त्याच्याकडे फोटो होते. नदीवरचा बुटका बंधारा, खाली फेसाळलेलं पाणी, आणि त्या पाण्यात साहेब असल्याच बोटीत बसून गिरक्या घेतोय. झालं, दादाच्या डोक्यात किडा शिरला. "आपल्याकडे बंधारा आहे, पाणी आहे, फायबर आहे. राहिलं काय?" दादाला जमणं तेवढं राहिलं होतं, पण त्याला सांगणार कोण.

गंगापूर रोडच्या मागे, मळे ओलांडले की गंगेवर एक जुना बंधारा होता. गंगा म्हणजे गोदावरीच, नाशकात तिला दुसरं नाव घेऊन कोणी हाक मारत नाही. धरणातून आवर्तन सुटलं, म्हणजे खालच्या शेतीसाठी पाणी सोडलं, की ते बंधाऱ्याच्या उतारावरून घसरत यायचं आणि पायथ्याशी वळून पुन्हा बंधाऱ्याकडेच धावायचं. त्या उलट्या पाण्यावर बोट टेकवून बसायचं. नदी खालून पळत राहते आणि आपण जागच्या जागी. एवढाच खेळ. दादा जागच्या जागी कधी राहिला नाही. गेला की उलटा, उलटा झाला की बोटीतून निसटून पोहत काठाला. मी विचारायचे, "आज काय?" बुडत्याला फेकायचा दोर धरून काठावर बसलेली वहिनी म्हणायची, "भोपळा," आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. दादा फणकारायचा, "मग तूच बस ना आत."

तो रागाने म्हणाला आणि ती खरंच बसली.

वहिनीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दारणाकाठच्या खेड्यातली. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली, त्यामुळे काकूंनी ठेवलेल्या नावावर ती मनापासून खूश होती. दादाचे गुडघे त्या भोकात अडकायचे. ती मात्र अशी बसली, की जणू बोट तिच्याच मापाने ओतलीय. दादाची जुनी पँट, कारखान्यातलं हेल्मेट, थर्मोकोलचे तुकडे शिवलेलं जाकीट, मंगळसूत्र गळ्याशी घट्ट गुंडाळलेलं. बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती रेनकोटच्या कापडाचा घेर, त्याच्या कडेला सायकलची ट्यूब ओवलेली. बघणाऱ्याला हसू यावं असा अवतार. पण पाण्यात शिरली की कुणी हसत नसे.

सगळ्यात अवघड होतं ते उलटं झाल्यावर बोटीसकट सुलटं होणं. डोकं खाली, नाकातोंडाशी पाणी, आणि तशातही घाई करायची नाही. वल्हं पाण्यावर आडवं टेकवायचं, कमरेला झटका द्यायचा, बोट आधी वळवायची आणि डोकं अगदी शेवटी वर आणायचं. दादा नेमकं डोकंच आधी काढायचा आणि परत खाली जायचा. "यांना श्वासाची घाई," वहिनी म्हणायची. तिने बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात ते एका उन्हाळ्यात जमवलं. दादाने तोंडात बोट घातलं, आणि हे मला त्याचं फार आवडतं, त्याने त्या दिवसापासून दोर स्वतःच्या हातात घेतला तो घेतलाच. नवरेपणा आडवा आणला नाही.

पाण्यात उतरण्याआधी ती एक नारळ बंधाऱ्याच्या पायथ्याशी फेकायची. गंगेत पूजेचे नारळ वाहत यायचेच, काठावरून एखादा उचलायचा. नारळ फेसात एक-दोन गोते खाऊन पुढे निघून गेला तर ठीक. तिथेच गरगरत राहिला तर त्या दिवशी पाणी धरून ठेवणारं आहे, सुट्टी. कितीही आर्जवं करा, मग ती ऐकत नसे. मी एकदा चिडून म्हटलं, "एवढी लांब तंगडतोड करून आले मी." तर म्हणाली, "मग नारळ फोडून खाऊ या."

आणि नारळ निघून गेला, की ती काय रूप धरायची. फेसाच्या ओळीवर बोट आडवी व्हायची, सरळ व्हायची, नाक पाण्यात खुपसून शेपूट आभाळाकडे करायची, भिंगरीसारखी फिरायची. ती नदीशी झगडतेय असं कधी वाटलं नाही. दोघींचं काहीतरी बोलणं चाललंय आणि आपण आगंतुक, असं वाटायचं. पहिल्या पाळीवरून सुटलेले कामगार सायकली आडव्या टाकून बघत उभे राहायचे. त्यातला एखादा वात्रटपणे काही बोललाच, तर मी त्याला अशी फैलावर घ्यायचे, की तो सायकल उचलून वाटेला लागायचा.

घरी मात्र यातलं अक्षर बोलायची सोय नव्हती. कारण आई.

आईला एक धाकटी बहीण होती. दोघी गंगेवर धुणं धुवायला गेल्या असताना पाणी वाढलं आणि मावशीचा पाय सुटला. ती खाली गेली. वर येईल म्हणून आई काठावर बघत उभी राहिली, आणि ती वर आली नाही. त्यानंतर आई आयुष्यात गंगेवर गेली नव्हती. पर्वणीला नाही, सणाला नाही, कुणाच्या दहाव्यालाही नाही. दादाचा नाद तिने कसाबसा गिळला होता, सून फक्त दोर धरायला जाते असं समजून. वहिनीने मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "आईंना कळलं आणि त्या नको म्हणाल्या, तर मी परत बसणार नाही. त्यांच्या जिवाला घोर लावून मला खेळायचं नाही." मला असा संताप आला. इतकं हातात आलेलं कुणी एका नकारावर सोडून देतं का? पण ती बोलली तसं वागणारी होती, आणि आई काय म्हणेल हे तर लख्ख दिसत होतं.

कळवलं ते दूधवाल्याने. मळ्यातला नवा माणूस, त्या वाटेने पहिल्यांदाच दूध घेऊन निघाला होता. त्याने बंधाऱ्याखाली केशरी बोटीचं पालथं बूड पाहिलं, आधी आत बसलेली बाई पाहिली होती, आता दिसेना. ती सुलटी होईपर्यंत थांबायला त्याच्या जिवात जीव कुठला? त्याने कॉलनीत विचारलं, आणि भोपळ्याचं घर तर सगळ्यांना ठाऊक. तो दारातूनच ओरडला, "आजी, तुमची सून बुडाली वं गंगंत." आईने पायात चप्पलसुद्धा घातली नाही. त्याच्याच सायकलवर, दुधाच्या किटल्या अंगणात उतरवून ठेवून, मागे बसून आली.

मी वळून पाहिलं तर आई काठावर. पदर खांद्यावरून घसरलेला. समोर वहिनी अगदी मजेत फेसावर बसलेली. मी आईचा हात धरला. वहिनीची नजर वर गेली, तिने सासूला पाहिलं, आणि तेवढ्यात तिचा तोल गेला. आईच्या डोळ्यांदेखत बोट पालथी झाली.

आईने माझा हात असा आवळला, की बांगडी माझ्या मनगटात रुतली. ती श्वास घेत नव्हती. दादा दोर सावरून उभा राहिला, पण त्याने फेकला नाही, कारण त्याला वहिनी ठाऊक होती. आधी वल्ह्याचं पातं दिसलं. मग बोट हलली, वळली, आणि सगळ्यात शेवटी वहिनीचं डोकं वर आलं, केस चेहऱ्याला चिकटलेले, खोकत. दूधवाल्याने गंगेला हात जोडले.

वहिनी सरळ काठाला आली. बोट सोडून ओल्या अंगाने आईसमोर उभी राहिली, मान खाली. "चुकलं, आई. नाही बसणार परत."

आईने पदराने तिच्या गालावरचं पाणी पुसलं, एकदा, पुन्हा एकदा, पुसतच राहिली. मग म्हणाली, "तू खाली गेलीस ते मी बघितलं."

"हो, आई."

"मग आता परत एकदा वर ये."

वहिनीला कळलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं होतं, मी बोटीकडे मान हलवली. वहिनी गेली. उलटी झाली. वर आली.

"अजून," आई म्हणाली.

दिवस कलला, दूधवाला किटल्यांसाठी कॉलनीकडे परत गेला, कामगार घरोघरी गेले. आई अनवाणी काठावर उभीच होती, आणि वहिनी पुन्हा पुन्हा वर येत होती.