एका घरातून दोघं मॅट्रिकला

मोठेपणाचे किस्से माणसाला जपून ठेवावे लागतात, अधूनमधून पुसावे लागतात. फजितीच्या किश्श्यांचं तसं नसतं. ते आपोआप साठत जातात आणि चार मित्र जमले की कुणी न विचारता बाहेर पडतात. माझ्याकडे अशी रासच्या रास आहे, आणि तिच्यातली निम्मी एकाच शतरंजीवरची आहे.

तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं. शाळा उर्दूत, घर मराठीत आणि मॅट्रिकला इंग्रजी सक्तीचं. म्हणजे इंग्रजीचं व्याकरण उर्दूतून शिकायचं आणि समजलं नाही की मराठीत रडायचं! परीक्षेआधी उजळणीला आम्ही तिघं पोरं गुलमंडीमागं हाशमी मास्टरसाहेबांच्या दालनात जायचो. मी, शेजारचा रशीद आणि पैठणहून येऊन मावशीकडं राहिलेला दिगंबर, म्हणजे आमचा दिग्या. मी नापास झालो तर लासूरला मामाच्या अडतीवर पोती मोजायला जायचं, हे घरी कधीच ठरलेलं होतं.

*

पहिल्याच दिवशी दारात शेरवानी आणि रूमी टोपी घातलेला माणूस उभा राहिला. बघतो तर आमचे दादा, म्हणजे माझे वडील! तहसिलीत ते अहलकार होते, साधे कारकून.

रशीद अदबीनं उठला. "चाचा, इसकू बुलाने आए क्या?"

"नै बेटा," दादा जोडे काढत म्हणाले, "पढने आया."

मॅट्रिकचं इंग्रजी पास झाल्याशिवाय त्यांना बढती नव्हती. बाहेरून परीक्षेला बसायचं त्यांनी ठरवलं होतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी शतरंजीच्या पार कडेला सरकलो. दादा सरळ माझ्याच शेजारी येऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जास्तीचा टाक हाय का रं तुझ्याकडं?"

*

मास्टरसाहेबांचा एक कायदा होता. वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही. "किताब का जुमला नक्को, मियाँ. घर का लाओ और सच्चा लाओ. झूटा जुमला याद नै रैता."

मी पहिलंच वाक्य इंग्रजीत दिलं, राम आंबा खातो.

"कौन राम? तुमारे घर में कोई राम है?"

"नै, मास्टरसाब."

"और आम?"

आंब्याला तर अजून नुसता मोहर होता! वाक्य बाद.

दिग्यानं दिलं, "माझी मावशी मला शिळी भाकरी देते." मास्टरसाहेब खूश, त्यांनी ते उर्दूत करून मोठ्यानं म्हणूनही दाखवलं. आतल्या बाजूला त्यांच्या बेगमसाहेबांनीही ऐकलं. त्या आणि दिग्याची मावशी नहरीच्या, म्हणजे जुन्या कालव्याच्या, एकाच हौदावर पाण्याला जायच्या. दुसऱ्या दिवसापासून दिग्याला ताजी भाकरी मिळायला लागली, पण ती वाढताना मावशी त्याच्याशी एक शब्द बोलेना.

*

एकदा सवयीवर वाक्य करायचं होतं. घाईत मला दुसरं काही सुचेना. मी इंग्रजीत म्हणालो, "माझे वडील घोरतात."

दादांनी हात वर केला. "मास्टरसाब, ये झूट है."

मास्टरसाहेबांनी गवाह मागितला. रशीद उठला. "सच है, मास्टरसाब. हमारे घर तक आता आवाज!"

मला हसूही येईना आणि वर बघवेना. दादांनी मात्र ते वाक्य नीट उतरवून घेतलं. जेवताना त्यांनी आईला हळूच विचारलं, "मी घोरतो व्हय गं?"

आई म्हणाली, "आज इचारता व्हय!"

*

दादांनी उधारी ठेवली नाही. भूतकाळाचा दिवस आला. ते उठले, शेरवानीची बटणं नीट केली आणि एकेक शब्द जोखून म्हणाले, "माझा मुलगा म्हणाला की तो रशीदकडं अभ्यास करत होता. तो पाणचक्कीवर मासे बघत होता."

"बहोत खूब!" मास्टरसाहेब म्हणाले. "अब इसका सवाल बनाओ."

दादा माझ्याकडं वळून म्हणाले, "तो पाणचक्कीवर का गेला होता?"

उत्तर मला इंग्रजीत येत नव्हतं. ते घरी मराठीत द्यावं लागलं आणि गालावर दोन दिवस राहिलं!

*

एक वाक्य मात्र असं झालं की कुणी हसलं नाही.

त्या दिवशी दादांना उशीर झाला. कचेरीतून तसेच आले होते, टोपीवर धूळ होती. मास्टरसाहेबांनी रोजचं कोणतंही काम सांगायला सांगितलं. दादा म्हणाले, "माझ्या कचेरीत एक तरुण येतो. मी त्याला काम शिकवतो. मग तो माझा साहेब होतो. मग दुसरा तरुण येतो."

मास्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "गलती नै है," एवढंच म्हणाले.

माझी पाळी आली. मी लासूरचं सांगितलं. नापास झालो तर पोती मोजीन. दिग्या खिदळला. दादा हसले नाहीत. घरी जाताना म्हणाले, "तुला लासूरला नाय धाडायचा मी. पर तूबी जरा मनावर घे की लेका." मला त्यांची दया आली आणि लाजही वाटली. त्या वयात लाज जास्त वाटायची. चौकात मित्र दिसले तसा मी चार पावलं पुढं झालो.

*

परीक्षेला आमचा आणि दादांचा हॉल एकच! दादा दारातून आत आले तसे देखरेखीचे मास्तर ताडकन उठले आणि त्यांनी वाकून आदाब केला. हॉलभर पोरं उभी राहिली. मोठे साहेब तपासणीला आले, अशी सगळ्यांची समजूत!

दादांनी तितक्याच वाकून आदाब केला आणि विचारलं, "मेरा नंबर किधर है, साब?"

जो हशा झाला, तो मला आजही ऐकू येतो. मी मान खाली घालून पेपर उघडला, तर निबंधाचा विषय होता 'माझे वडील'! पुढच्या बाकावर दादांची टोपी, मागं कुजबुज. मी ठोकून दिलं की माझे वडील तालुक्याचे मोठे अंमलदार आहेत, त्यांच्याकडं घोडा आहे, बाग आहे. त्या घोड्याचं वर्णन करता करता माझं इंग्रजी संपलं. बाकीचे प्रश्न तसेच राहिले.

बाहेर आल्यावर दादा खुशीत होते. "मी आपलं आमच्या बापाचं लिव्हलं. गुरं राखायचा, सांजच्याला बासरी वाजवायचा. समदं खरं लिव्हलं. तू रं?"

"मीबी बापाचंच लिव्हलं," मी म्हणालो.

ते इतके हरखले की मला हलवायाकडं नेऊन त्यांनी जिलबी खाऊ घातली.

*

निकालाचा सरकारी जरीदा, म्हणजे गॅझेट, हैदराबादहून रेल्वेनं यायचा. स्टेशनावर दादांनी तो उघडला. त्यांचा नंबर होता. रशीदचा होता, दिग्याचाही होता. माझा नव्हता. दादांनी पुन्हा वरून खालपर्यंत बोट फिरवलं, मग कागद घडी करून खिशात घातला. गुलमंडीत आल्यावर हलवायाकडून पेढे घेतले. मला वाटलं, आता चौकात माझी शोभा होणार.

कापडवाले शेठ दुकानाच्या पायरीवर आले. "काय अहलकार, पेढे कशाचे?"

दादा म्हणाले, "आमच्या घरातलं एक जण मॅट्रिक झालं."

"वा रं पठ्ठ्या!" शेठनी माझी पाठ थोपटली आणि अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला. "बापाचं नाव काढलंस बघ!"

दादांनी ना होय म्हटलं, ना नाही. पुढच्या दुकानात तेच वाक्य, त्याच्या पुढच्या दुकानात तेच. प्रत्येकाची थाप माझ्याच पाठीवर! मी कानापर्यंत तापलो होतो, तोंडात पेढा आणि नजर जोड्यांवर.

तेवढ्यात समोरून मास्टरसाहेब आले. जरीदा त्यांच्या काखेतच होता. दुकानदारांसमोरच दादांनी त्यांच्यापुढं पेढा धरला.

"मास्टरसाब, हमारे घर का एक जना पास हुआ."

मास्टरसाहेबांनी दादांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. पेढा उचलला.

"जुमला सच्चा है," ते म्हणाले. मग माझ्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाले, "कल से आना, मियाँ."

दादांनी ऐकलंच.

"दोनों आते, मास्टरसाब."