तपासून घेतले, असं लिहून दिलं

बमरोलीच्या एका सरकारी छात्रालयात मी स्टोअर सांभाळायचो. आग विझवायचे लाल सिलिंडर घ्यायचे तर नियम पक्का होता: आयएसआयचा शिक्का हवा, प्रत्येकाचं वजन करायचं आणि आलेल्या मालातला एक कमिटीसमोर चालवून बघायचा. मग माझी सही. नियम वाईट नव्हता हो, माणसं वाईट होती. त्यात पहिला मी.

माल आला तो मार्चच्या शेवटच्या दिवशी. मार्चमध्ये सही आधी अन् तपासणी नंतर, ही आमच्या खात्याची रीतच. ग्रँट परत गेली तर वर्षभर बोलणी कोण खाणार? कमिटीतल्या दोघांनी तर सकाळीच कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकल्या होत्या. मी एक सिलिंडर उचलला, तो हलका लागला. शिक्का म्हणून नुसता स्टिकर होता, नखाने सुटला. छात्रालयाच्या साहेबांना दाखवला. ते गुजरातीत म्हणाले, "चालशे, सही करी दो ने." मी 'तपासून घेतले, बरोबर आहेत' असं लिहून सही केली आणि स्टिकर पुन्हा दाबून बसवला.

स्वयंपाकाला आमच्या खानदेशातल्याच एक ताई होत्या. मला भाऊ म्हणायच्या, भाऊबीजेला ओवाळायच्या. सिलिंडर कसा चालवायचा ते मीच त्यांना शिकवलं: पिन ओढा, नळी आगीकडे धरा, दांडा दाबा. दाबून मात्र दाखवला नाही. पावडर वाया जाते, म्हणालो. खरं कारण भीती.

पावसाळ्यात एका सकाळी शेगडीच्या रबरी नळीने पेट घेतला. मुलं शाळेत होती, एवढं नशीब. ताई पळाल्या नाहीत. भिंतीवरचा सिलिंडर काढला, पिन ओढली, नळी धरली, दांडा दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. मी धावत येऊन त्यांना मागे खेचलं तेव्हाही त्या दाबतच होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशी झाली. साहेबांनी लिहिलं, उपकरण हाताळण्यात स्वयंपाकीणबाईंची चूक झाली. खाली मीही सही केली. ताईंना कामावरून कमी केलं, आणि तो कागद द्यायला डिंडोलीला त्यांच्या घरी मलाच पाठवलं.

त्या खाटेवर बसल्या होत्या, हात पट्ट्यांत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "भाऊ, मन्हंच चुकनं. तुम्ही इतलं चांगलं शिकाडं, मन्हा ध्यानमा नही ऱ्हायनं."

तिथे साहेब नव्हते, कमिटी नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या ताई, व्हस आसं."

त्यांनी सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. मी तो बसून प्यालो.