ती झोपेची गोळी नव्हती

डॉक्टरबाईंनी नैराश्याची गोळी लिहून दिली तेव्हा मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "याने फार झोप तर नाही ना येणार?"

मी पनवेलमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला येऊन बसलेली असतात, आणि सुई हातात धरणाऱ्या बाईने पेंगून चालत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुणाला येते, कुणाची उडते. दोन आठवडे घेऊन बघा. रोजची वेळ एकच ठेवा आणि काही त्रास वाटला तर फोन करा." त्यातलं मला सोयीचं तेवढंच मी ऐकलं.

वेळ मी रात्रीची ठरवली. त्याचा औषधाशी काही संबंध नव्हता. करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात असतं. मी पाण्याचं भांडं उचललं तरी त्या वळून बघतात. रात्री मात्र नऊला आडव्या होतात. मी साताऱ्याकडची, त्या उरणच्या खाडीकाठच्या गावातल्या. लग्नाला बारा वर्षं झाली, आमचं तसं बरं जमतं. पण ज्या बाईने ऐन उन्हात मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, तिला मी काय सांगणार होते? की मला केस विंचरायला हात उचलावासा वाटत नाही? की डबा भरताना डोळ्यांत पाणी येतं आणि कशाचं ते मलाच कळत नाही? नवऱ्याला सगळं माहीत होतं. त्याला मी शपथ घातली, "आईंना कळता कामा नये." गोळ्यांची पट्टी शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवली.

पहिल्या आठवड्यातच झोप गेली.

गेली म्हणजे पूर्ण नाही. डोळा लागायचा, आणि तासाभराने कुणीतरी हाक मारल्यासारखी मी उठून बसायचे. छाती धडधडत असायची. पुन्हा डोळा लागलाच तर स्वप्नं पडायची, तीही इतकी स्पष्ट की सकाळी दात घासताना मला आठवावं लागे, नळ खरंच फुटला होता की नाही. नवरा उशीला डोकं टेकवताच झोपणारा माणूस. त्याच्या श्वासाचा मला राग यायला लागला. मी मोबाईलवर घड्याळ बघायचे आणि हिशेब करायचे. आत्ता झोप लागली तर चार तास. आत्ता लागली तर तीन. पुढे पुढे तर संध्याकाळी दिवे लावायची वेळ झाली की तेव्हापासूनच मी तास मोजायला लागले. रात्र अजून लांब असायची आणि मी तिला आधीच घाबरलेली असायचे.

डॉक्टरबाईंना फोन करायचा राहून गेला असं मी म्हणेन, पण ते खरं नाही. मला वाटत होतं, झोप येत नाही म्हटलं की त्या झोपेची आणखी एक गोळी देतील. मग ती लपवायची कुठे?

तिसऱ्या आठवड्यात ते झालं. त्या दिवशी दोन माणसं पाठोपाठ आली होती. विचुंब्याहून आलेले एक आजोबा, आणि त्यांच्यानंतर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी. दोघांचं रक्त मी घेतलं, नळ्यांवर स्टिकर लावले, नळ्या आत दिल्या. दुपारी रिपोर्ट तपासताना मुलीच्या नावापुढे साखर तीनशेच्या वर दिसली. आजोबांची अगदी नॉर्मल. मी दोन्ही नळ्या काढून बघितल्या. बघून काही कळणार नव्हतं, रक्त सगळं सारखंच लाल. पण मला कळलं होतं. स्टिकर माझ्याच हाताने लागले होते, आणि ते लावल्याचं मला आठवतच नव्हतं.

मी लॅबच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्ट बाहेर गेलेले नाहीत ना? मग दोघांना पुन्हा बोलवा. फोन तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा मी तिला स्वच्छ सांगितलं, चूक माझी होती. ती चिडली नाही. "कालचा हात दुखतोय, यातून घ्या," म्हणत तिने दुसरी बाही वर केली. तिच्या त्या विश्वासाची मलाच शरम वाटली. आजोबांनी तर बाकावर बसल्या बसल्याच सांगितलं की काल घरी जाताना त्यांनी नातीसाठी जिलेबी नेली आणि थोडी स्वतःही खाल्ली. त्यांची खरी साखर तीनशेच्या वर निघाली. तो चुकीचा रिपोर्ट त्यांच्या हातात पडला असता तर? हा प्रश्न मी त्या दिवशी किती वेळा स्वतःला विचारला असेल! स्टिकर लावला की मी नाव मोठ्याने वाचायला लागले. तीन-तीनदा वाचायचे. रांगेतली माणसं वैतागायची.

आजोबांचा खरा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी मी ठरवलं, झोप या गोळीमुळे गेली आहे, तर गोळीच बंद. कुणाला विचारलं नाही. नवऱ्यालाही नाही.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा बारीकसा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर यायची, मळमळायचं, आणि कारण नसताना रडू यायचं. चौथ्या दिवशी कामावरून येताना स्कूटर एकदम तिरकी झाल्यासारखी वाटली. मी ती रस्त्याच्या कडेला घेतली, एका बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाला धरून उभी राहिले. मागून येणारा रिक्षावाला ओरडून गेला. उरलेला रस्ता मी स्कूटर ढकलत घरी आले.

दार सासूबाईंनी उघडलं. माझा चेहरा बघून त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर जमिनीवर बसत म्हणाल्या, "गोली का बंद केलीस, बाय?"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मना काय आंधली समजतंस? बटन लावायला डबा उघडला तवाच बगितली. रोज एक खड्डा रिकामा व्हायचा. चार दिस जाले, एक पन गोली कमी नाय."

"आई, ती... ती ताकदीची गोळी आहे."

"खोटं बोलू नको. मी पोराला इचारला. त्याना सांगितला, तुजं मन बरं नाय. शपथ तू त्याला घातलेलीस, मना नाय."

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. बहुतेक दोन्ही. मी सगळं सांगितलं. झोपेचं, नळ्यांचं, आजोबांच्या जिलेबीचं. त्यांनी भांड्यात आणखी पाणी ओतलं. शेवटी म्हणाल्या, "मागल्या साली मी माजी बीपीची गोली सोडली तवा तू केवडी वरडलीस! डाक्टरला इचारल्याबिगर गोली सोडायची नाय, असा तूच बोललीस. मंग तुजा डाक्टर काय मेला?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. त्या रिक्षात माझ्याशेजारी बसल्या, नऊवारी सावरत. डॉक्टरबाईंच्या केबिनमध्येही आत आल्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण चेहरा गंभीर झाला. "ही गोळी एकदम बंद करायची नसते. चक्कर, झटके, सगळं त्यामुळेच. झोपेचं मला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. रात्री कशाला घेत होता?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या.

गोळी बदलली नाही. डोस थोडा कमी करून ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. दुपारनंतर चहा बंद. आणि झोप येत नसेल तर घड्याळ बघत लोळत राहायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत शांत बसायचं, असंही सांगितलं. यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, "आमी मिठागरावर भरती असंल तसं उठायचो. रात्री, पाटं, कदी पन. खाडीचा पानी आत घ्यायचा काम जाला का तितंच बांधावर डोला लागायचा. झोपेची वाट कोनी बगत नसं." डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "बरोबर बोलताय."

एका आठवड्यात बरं झालं असं मात्र नाही. पहिले काही दिवस तर जास्तच वाईट गेले. सकाळी सासूबाई पोह्यांच्या ताटलीशेजारी गोळी काढून ठेवायच्या आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. मला त्याचा रागही यायचा. रात्री जाग आली की मी हॉलमध्ये जाऊन बसायचे. कधी त्याही उठून यायच्या, लसूण सोलत बसायच्या. मी दोन-चार पाकळ्या सोलायचे. महिन्याभराने मला सलग पाच तास झोप लागली. सकाळी उठल्यावर आधी खात्री वाटेना, मग भीती वाटली की हे उद्या नसेल.

ती भीती अजून आहे. हल्ली बहुतेक रात्री झोपते, काही रात्री नाही. डॉक्टरबाई म्हणतात, गोळी पुढे हळूहळू कमी करू, घाई नको. लॅबमध्ये मी मोठ्या डॉक्टरांना औषधाबद्दल सांगून टाकलं. त्यांनी फक्त एवढंच केलं, की ज्या दिवशी झोप झालेली नसेल त्या दिवशी माझ्या नळ्यांवरची नावं दुसऱ्या एका सहकारी बाईंनी तपासायची असं ठरवून दिलं. तसं सकाळी सांगायला मला अजूनही लाज वाटते. तरी सांगते. परवाच त्या बाईंना म्हटलं, "आज माझं तुम्ही बघा." त्यांनी मान हलवली आणि पहिली नळी माझ्या हातातून घेतली.