मनीषा का चालत नव्हती

शोभा गेल्याचा फोन दिरांनी केला तेव्हा मी कुरुंद्याच्या घरी भाकरी थापत होते. तवा उतरवला, हात धुतले... आणि मनात पहिलं आलं ते हेच, की सांगायचं राहूनच गेलं. त्याला दीड महिना झाला.

शोभा माझी धाकटी जाऊ. वसमतच्या डेपोत कंडक्टर होती, आमच्या घरात पगार आणणारी पहिली बाई. तिची मनीषा आठ महिन्यांची झाल्यावर ती पुन्हा कामावर गेली आणि लेकरू माझ्याकडे आलं. अंगणात तेव्हा हळद शिजत होती. उकळती कढई आणि रांगती पोर. भीतीपोटी मी तिला झोळीत घालायला लागले. रडली की झोका द्यायचा. हळद आटोपली तरी झोळी मी काढली नाही, कामं सुखानं व्हायची. सव्वा वर्षाची झाली तरी पोरगी धरूनसुद्धा उभी राहीना.

सासूबाई म्हणायच्या, "तिकिटं फाडून लेकराला पाय फुटत न्हाईत. माय लागती घरी." शोभाने मला एकटीला गाठून विचारलं, "अक्का, दिसभर खाली खेळती ना ही?"

"खेळती की," मी म्हणाले. "पण तुझी वाट बघती."

तिने नोकरी सोडली. महिन्याभरात मनीषा ओट्याला धरून चालली. सगळे म्हणाले, बघा, माय घरी आली. शोभाही तेच मानून बसली. पोरीला फक्त जमीन मिळाली होती, हे मला ठाऊक होतं.

पुढे कधी दोघी बसने निघालो, तर जागा असूनही ती दांड्याला टेकून उभी राहायची. "बस की," म्हटलं तर हसायची, "बसून तिकिटं कशी फाडू, अक्का?" मी खिडकीबाहेर बघायची.

मनीषा आता वसमतला नर्स आहे. तिचा मुलगा दीड वर्षाचा, अजून बोलत नाही. गोडजेवणाच्या दिवशी ती म्हणाली, "मोठी आई, राजीनामा लिहून ठेवलाय. आईनं न्हाई का सोडली माझ्यासाठी?"

तेव्हा मी सगळं सांगितलं.

"आईला काहून न्हाई सांगितलं?"

"ती घरी बसली, माझ्यासारखी झाली... मला बरं वाटलं होतं, बाई."

मनीषा उठून गेली. त्याच आठवड्यात ती ड्युटीवर रुजू झाली. लेकरू शेजारणीकडे ठेवते, माझ्याकडे नाही. बराबर केलं तिनं.