कंपाउंडरबाईंच्या अळणी बाटल्या

कंपाउंडरबाई निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्यातून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक काचेचं मापपात्र आणि एक सवय. मापपात्र थोरल्या डॉक्टरांनी आठवण म्हणून दिलं होतं. सवय कुणी दिली नव्हती, ती अंगात मुरली होती, आणि घरच्यांना खरा त्रास झाला तो तिचा.

दवाखाना जुन्या वळणाचा. डॉक्टर आत बसून तपासायचे आणि बाहेर एका छोट्या खिडकीमागे बाई औषध कालवायच्या. बाटलीत लाल किंवा पिवळं मिश्रण भरायचं, कागदाच्या पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडायच्या, ती पट्टी बाटलीवर उभी चिकटवायची आणि खिडकीतून सांगायचं, "एका वेळेला एक खाच. हलवून घ्या." नव्या होत्या तेव्हा एकदा मिश्रण नीट जमलंय का म्हणून त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. थोरल्या डॉक्टरांनी ते पाहिलं. म्हणाले, "बाई, औषध रोग्यासाठी असतं. कंपाउंडरच्या जिभेचं त्यात काय काम?" बाईंनी कानाला खडा लावला. त्यानंतर आपल्या हातानं कालवलेलं काहीही त्यांनी चाखलं नाही. माप बरोबर असलं की चव बरोबरच, आणि कुणाला तसं वाटत नसेल तर ती रोग्याची कटकट.

नोकरी होती तोवर घरात ही सवय कुणाला बाधली नाही. सकाळचा चहा सोडला तर स्वयंपाकघर आधी सासूबाईंकडे होतं आणि मग सूनबाईकडे. पण बाई घरी बसल्या आणि नेमका त्याच सुमाराला त्यांच्या नवऱ्याचा रक्तदाब वर गेला.

नवरा निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायचा. मुलांच्या आरडाओरड्यात आयुष्य काढल्यामुळे असेल, घरात तो फारसा बोलत नसे. काहीही विचारलं तरी त्याचं एकच उत्तर असायचं, "बरोबर आहे." चहा कसा झालाय, बरोबर आहे. पडद्याचा रंग कसा वाटतो, बरोबर आहे. अशा माणसाचा रक्तदाब कशानं वाढावा हे बाईंना कळेना.

दवाखान्यात आता थोरल्या डॉक्टरांची मुलगी बसते. तिला सगळे धाकट्या डॉक्टरीणबाई म्हणतात. तिनं दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, "गोळी देते, पण मीठ तोडा. विशेषतः ते बाटल्यांतले सॉस. मागचं बारीक अक्षर वाचा एकदा."

बाईंनी ते अक्षरशः केलं. भिंग घेऊन बसल्या आणि घरातली प्रत्येक बाटली, डबा, पाकीट वाचून काढलं. मीठ होतं, साखर होती, आणि पुन्हा तेच मीठ वेगवेगळी नावं घेऊन बसलं होतं. बाईंनी एकेक बाटली मोरीत उपडी केली.

"आई, तो कालच आणलाय," मुलगा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरातल्या प्रत्येक पदार्थावर टोमॅटो सॉस ओतायचा.

"मग अजून कुणाच्या पोटात गेला नसेल," बाई म्हणाल्या आणि बुडावर थाप मारून बाटली रिकामी केली.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा दवाखाना झाला. बाटल्या उकळत्या पाण्यातून निघू लागल्या. टोमॅटो शिजवून, गाळून, दाट करून सॉस. मोहरी वाटून तिचा सॉस. मिरच्या सिरक्यात मुरवून तिसरा, पातळ आणि आंबट. साखरेऐवजी दोन खजूर, मिठाऐवजी काही नाही. सगळं मापपात्रातून, सगळं थोडं थोडं, आणि लगेच फ्रिजमध्ये. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख आणि खाली ठळक अक्षरांत "मीठ नाही". शेजारी खाचांची पट्टी.

जेवायला बसलं की बाई टेबलाच्या टोकाशी उभ्या राहायच्या. "एका वेळेला एक खाच. हलवून घ्या." नवरा हलवून घ्यायचा. उकडलेल्या बटाट्यांवर एक खाच, पावावर एक खाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फ्रिज उघडून बाटल्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि पातळी खाचेशी जुळतेय का बघायच्या. जुळली नाही की चौकशी. स्वतः मात्र त्यातलं काही खात नसत. एक तर तो जुना दंडक होता, आणि दुसरं म्हणजे बाईंना पित्ताचा त्रास असल्यामुळे आंबट-तिखट वर्ज्य होतं. त्यांच्या ताटात दूधभात.

स्वयंपाकघर आटोपल्यावर बाईंनी उरलेल्या घराकडे मोर्चा वळवला. काचा पुसायचा निळा फवारा गेला, त्याच्या जागी पाण्यात कालवलेला सिरका आला. करपलेल्या पातेल्यांना खाण्याचा सोडा, फरशीला लिंबाच्या सालींचं पाणी. आणि मिठाचा डबा, ज्याला स्वयंपाकघरात आता जागा उरली नव्हती, तो सिंकखालच्या कपाटात फडक्यांशेजारी गेला. त्यावर चिठ्ठी लागली, "फक्त घासण्यासाठी". अर्ध्या लिंबावर मीठ घेऊन घासलं की सिंक लख्ख निघतं, हे बाईंनी सगळ्यांना करून दाखवलं.

आणि घरच्यांनी ते मनावर घेतलं. सूनबाई रोज सिंक घासायला लागली. मुलगा, ज्यानं जन्मात कधी ताट विसळलं नव्हतं, तोही जेवणाआधी सिंकखाली वाकून काहीतरी घासू लागला. नवरा तर भल्या सकाळीच त्या कपाटाशी. सिंकमध्ये तोंड दिसायला लागलं. मिठाचा डबा भराभर संपायचा आणि बाई कौतुकानं पुन्हा भरायच्या. शेजारच्या वहिनींना त्यांनी सांगितलं, "वळण लावायला वय लागत नाही हो. सांगणारं माणूस लागतं."

रक्तदाब मात्र उतरेना. पहिल्या तपासणीला तो होता तिथंच होता, दुसऱ्या तपासणीला आणखी वर चढला. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टा दोनदा गुंडाळून पाहिला, नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, तुम्ही घरातल्याच, म्हणून स्पष्ट सांगते. हे असंच राहिलं तर एखाद्या दिवशी डोक्यात नस फुटेल. काहीतरी खारट पोटात जातंय त्यांच्या. शोधा."

बाई घरी आल्या आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. नवरा बाहेर काही खातच नव्हता. जे पोटात जात होतं ते त्यांच्या हातचं होतं. मग चूक कुठं असणार? त्यांनी मापपात्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. आकडे अजून नीट दिसत होते. उभ्या नोकरीत त्यांचं माप चुकलं नव्हतं, आणि आता स्वतःच्या नवऱ्यासाठी कालवताना चुकलं असेल तर? सोड्याचा डबा आणि खजुराचा डबा एकाच फळीवर होते, एकातलं दुसऱ्यात सांडलंही असेल. सोडाही शेवटी क्षारच. बाईंना भीती वाटली. आपणच या माणसाला खाचेखाचेनं मारतोय की काय?

त्या उठल्या आणि फ्रिजमधून तिन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मिरचीच्या पातळ सॉसची बाटली उचलली आणि थांबल्या. बाटलीच्या गळ्याशी, जिथं ओघळ वाळतो तिथं, पांढरे बारीक खडे जमले होते. हे त्यांना दवाखान्यात दिसायचं. मिश्रणात क्षार भरपूर असला की तो बुचाखाली असाच धरतो.

बाटलीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "मीठ नाही".

बाईंनी खडे नखानं खरवडले. थोरले डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग बोट जिभेला लावलं.

मीठ होतं, शुद्ध स्वयंपाकाचं मीठ. मोहरीच्या सॉसमध्ये होतं, टोमॅटोच्यात तर इतकं होतं की बाजारच्या बाटलीनं लाजावं. मग त्यांची नजर लख्ख सिंककडे गेली, आणि तिथून खालच्या कपाटाकडे.

जेवायला सगळे जमल्यावर बाईंनी मिठाचा डबा टेबलाच्या मध्यभागी ठेवला. "कोण?" एवढंच विचारलं.

मुलगा डब्यावरची चिठ्ठी पुन्हा वाचू लागला. मग सूनबाई म्हणाली, "आई, मी. पण चिमूटभरच टाकायचे, बाबांना घास उतरत नव्हता म्हणून."

मुलानं तिच्याकडे वळून पाहिलं. "तू पण?"

"म्हणजे तू टाकत होतास?"

"चिमूटभर," मुलगा म्हणाला. "मला वाटलं, फक्त मीच."

आता सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. ते बटाट्याकडे बघत होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुमची चिमूट केवढी?"

नवऱ्यानं हात पुढे केला आणि हळूच तळवा उघडला. इतकी वर्षं बसचं चाक धरलेला तळवा होता तो. त्यात बरंच मावलं असतं.

बाईंचा आवाज चढला नाही. "मला वाटलं माझा हात चुकला. दुपारभर मी बसून होते इथं. मला वाटलं मीच तुम्हाला मारतेय. उद्या तुम्हाला काही झालं असतं तर मरेपर्यंत तेच वाटलं असतं मला."

सूनबाई रडायला लागली. मुलानं बाटली उगीच सरळ केली.

"तू एवढी खपून करायचीस," नवरा शेवटी म्हणाला. "अळणी लागतं हे सांगणार कसं? बरं, नाही खाल्लं तर तुझी ती पट्टी. सकाळी पातळी जुळली नाही की चौकशी. खाच तर उतरवायलाच पाहिजे. मिठाशिवाय ती उतरत नव्हती."

बाईंनी यावर विचार केला. खिडकीतून त्यांनी आयुष्यभर पट्ट्या दिल्या होत्या. त्या बाटल्यांमधलं किती रोग्यांच्या पोटात गेलं आणि किती अंगणातल्या झाडांना गेलं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. पण तो आता सुटण्यातला नव्हता. त्यांनी तिन्ही बाटल्या सिंकमध्ये ओतल्या आणि मिठाचा डबा शेजारच्या वहिनींकडे देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला गॅसजवळ खुर्ची टाकून बसवलं. टोमॅटो आधी खरपूस भाजले, लसूण तेलावर परतला, दोन्ही नेहमीच्या दोन खजुरांबरोबर शिजवलं आणि दाट झाल्यावर चमचा त्याच्या तोंडासमोर धरला. "कसं झालंय?"

"बरोबर आहे," नवरा म्हणाला.

बाईंनी उरलेला अर्धा चमचा स्वतःच्या तोंडात घातला. पित्त खवळलं तर खवळो. "बरोबर नाहीये," त्या म्हणाल्या. "अहो, या घरात तुमच्या जिभेवर मी विसंबून आहे. तिनं खोटं सांगितलं तर मी काय कालवू?" आणि चमचा पुन्हा पुढे केला.

या वेळी तो बराच वेळ तोंडात घोळवत बसला. "आंबट कमी आहे," म्हणाला.

"आणखी?"

"लसूण जरा करपलाय." तो थांबला. बाईंनी करपलेले तुकडे वेचून काढले, तेव्हा पुढे म्हणाला, "खजूर नको यात. मला खजूर कधीच आवडला नाही."

"आणखी?"

"तुझा चहा पाणचट असतो." एकदा गाडी गिअरमध्ये पडल्यावर त्याला थांबवेना. चहा पहिल्यापासून पाणचट होता. उशी फार उंच होती, त्यानं मान धरते. तो पडदा पिवळा घ्यायला नको होता. बैठकीतली खुर्ची जिथं आहे तिथं गुडघा आपटतो. सिरक्यानं पुसलेल्या काचांचा वास दुपारपर्यंत जात नाही, आणि मुलाच्या लग्नात घेतलेला तो कोट त्याला काखेत तेव्हाही काचत होता.

बाई सगळं ऐकत होत्या. एरवी एवढं ऐकून घेणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, पण त्यांना एकदम हलकं वाटलं. एवढं सांगायचं शिल्लक असलेला माणूस इतक्यात कुठं जात नाही. त्यांनी मापपात्र उचलून फळीवर ठेवलं आणि लिंबू कापायला घेतलं.

"थांब," नवरा म्हणाला. "अर्धंच पिळ. मग मी सांगतो."