स्वेटरवाली बाई आणि फ्रिजजवळची फळी

दिपमाला एका कॉफी कंपनीत देशभरातल्या मोठ्या किराणा-साखळ्यांचा कारभार सांभाळते. हे काम चोपड्याला राहणाऱ्या तिच्या चुलत्यांना, मोतीलाल नानांना, समजावणं हे त्याहून अवघड काम.

"तुनं दुकान कोठे शे?"

"माझं दुकान नाही, नाना. चारशे दुकानांत आमची कॉफी कुठल्या फळीवर ठेवायची, ते मी ठरवते."

"म्हणजे फळी तुनी?"

"फळीही त्यांचीच."

"मंग तुनं काय शे?"



एप्रिलअखेर त्यातल्या एका साखळीचे खरेदीप्रमुख किरणसाहेब मुंबईहून फोनवर म्हणाले, "मॅडम, जळगाव आणि धुळ्यात तुमच्या बरण्यांवर धूळ बसलीय. मेअखेर खप दुप्पट झाला नाही, तर दोन्हीकडून कॉफी उचलू." देशभर कॉफी खपवायची आणि माहेरीच फळीवरून उतरायचं, हे दिपमालाच्या जिवाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती जळगावच्या दुकानात गेली. डोळे तपासायला आलेले नानाही सोबत होते. बाहेर पारा चव्वेचाळीसवर. कॉफीच्या फळीवर मोठं चित्र: जाड लोकरी स्वेटरातली बाई, हातात वाफाळता कप.

नाना चष्मा वर करून चित्राकडे बघत राहिले. "हाई बाईले हिव वाजी ऱ्हायनं का?"

दिपमाला हसली आणि हसता हसता थांबली. या बाईला सबंध देशासाठी तिनंच पसंत केलं होतं, मुंबईच्या एसीत बसून. कॉफीच्या फळीपुढे चिटपाखरू नव्हतं. सारं गिऱ्हाईक मागे, दुधाच्या फ्रिजपाशी गार हवा खात उभं.

तिनं तिथूनच किरणसाहेबांना फोन लावला. "फ्रिजशेजारची फळी द्या. दहा रुपयांच्या पुड्या ठेवते. शेजारी टेबल टाकून गार दुधातली कॉफी चाखायला देते, रवीनं घुसळून."

"रवीनं? मशीन पाठवतो ना."

"मशीन बघून बायका म्हणतील, आपल्याकडे कुठंय. रवी घरोघर आहे, साहेब."

स्वेटरवाली बाई उतरली. टेबलामागे पहूरच्या कुंदाबाई रवी घेऊन उभ्या राहिल्या. बायका पेला रिकामा करायच्या आणि वळून पुड्या उचलायच्या. पंधरवड्यात जळगावच्या दुकानातला माल संपला आणि धुळ्याच्या मॅनेजरनं चौथ्यांदा फोन करून विचारलं, "आमच्या पुड्या निघाल्या का?"

खात्री करायला किरणसाहेब स्वतः आले. स्टेशनवरून दुकानापर्यंत येताना त्यांच्या शर्टाची रयाच गेली. कुंदाबाईंनी बोलायच्या आत पेला पुढं केला. तिसरा पेला संपवून साहेब म्हणाले, "मॅडम, पुढच्या उन्हाळ्यात दीडशे दुकानांत फ्रिजजवळची फळी तुमची. आणि रवी तुम्हीच पुरवायची."

पुढच्या तपासणीला नाना चोपड्याहून चौघांना घेऊन आले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांना थेट फ्रिजपाशी नेलं.

"हाई फळी आमनी शे," नाना म्हणाले आणि उपरण्याचं टोक फळीवरून फिरवलं.

धूळ नव्हतीच, पण मालकानं हात फिरवायचा असतो.