न सांगता उठायचं

मयताच्या घरातून निघताना आमच्याकडे ‘येते’ म्हणत नाहीत. अशा कारणाने पुन्हा यायला लागू नये, म्हणून माणसं नुसती उठतात, चपला शोधतात आणि चालू लागतात. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात कुणाला काही वाटेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

सानपाड्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमधली बाई माझी मैत्रीण. सकाळी भाजी आणायला आम्ही बरोबरच जायचो. भाजीवाल्यांशी हुज्जत घालायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं, कारण माझी जीभ मुळातच तिखट. दिवसातून कितीदा तरी मी तिच्या दारातून ‘येते गं’ म्हणून ओरडायचे आणि आतून तिचं ‘ये गं’ यायचं. एका दुपारी ती हॉलमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हार्ट अटॅक. तेव्हापासून मी भाजी घरपोच मागवते.

सुरुवातीला त्यांच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. सोसायटीच्या ग्रुपवर तर जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस पडला. तेरावं झालं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मागे उरले तिचे यजमान, माझे भावोजी. मूळचे खाडीकाठच्या करावे गावचे, नोकरीतून रिटायर झालेले. त्यांना साधा वरणभातही लावता येत नव्हता, म्हणून दुपारचा डबा मी माझ्याकडे घेतला.

मला सांत्वन जमत नाही. ‘काळजी घ्या’ म्हणताना माझा मलाच राग येतो. काय काळजी घ्यायची माणसानं, आणि कशासाठी? त्यामुळे मी डबा द्यायचे, सोफ्यावर जरा टेकायचे, उकाड्याबद्दल काहीतरी बोलायचे. भावोजी डबा ठेवायला आत गेले की तेवढ्यात उठून घरी यायचे. रीतीप्रमाणे न सांगता. खरं तर ती रीत माझ्या फार सोयीची होती.

मग एकदा करंजाड्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला.

“काकी, बाबा जेवतच नाहीयेत. रविवारी येऊन बघते तर तुमचे डबे फ्रीजमध्ये तसेच. बाबा किती वाळलेत, बघितलंत ना? मला खूप टेन्शन आलंय.”

भावोजी वाळलेले मलाही दिसत होते. पण माझ्या डोक्यात आधी रागच शिरला. मी इथे घाम गाळून पोळ्या लाटायच्या आणि यांनी त्या फ्रीजमध्ये रचून ठेवायच्या! दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले ती भांडायच्या तयारीनेच.

“भावोजी, माझ्या हातचं आवडत नसेल तर स्पष्ट सांगा. मासे मला जमत नाहीत, तिच्यासारखे तर नाहीच नाही.”

“तसं नाय वहिनी. जेवन चांगलं असतं.”

“मग घशाखाली का उतरत नाही?”

त्यांनी हॉलमधल्या त्या खुर्चीकडे बघितलं. ती खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं.

“त्या दिवशी मी चहा टाकायला आत गेलो,” ते म्हणाले. “ती हितंच होती, बोलत होती माझ्याशी. दोन कप घेऊन भायेर आलो तर... तुमी पन रोज तसंच करता वहिनी. मी डबा ठेवून भायेर येतो तर कोनच नाय. मग भूकच मरते.”

ज्या माणसाला मी रोज जेवू घालत होते, त्यालाच रोज तीच दुपार पुन्हा वाढत होते. आणि हे त्यांनी इतके दिवस मुकाट्याने सोसलं होतं.

“ताट बाहेर आणा,” मी म्हटलं. “इथे बसून जेवा. मी आहे.”

ते जेवले. फार नाही, पोळी आणि थोडी भाजी. मी उकाड्याबद्दलसुद्धा काही बोलले नाही. ते हात धुवायला आत गेले तेव्हा उठावंसं फार वाटलं, पण सोफ्याची कड धरून बसून राहिले. ते बाहेर आले, आधी सोफ्याकडे पाहिलं, आणि मी तिथे असल्याचं बघून पंचाने हात पुसायला लागले.

मग मी दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

“भावोजी, येते.”

“या,” ते म्हणाले.

समोरच माझं दार. किल्ली फिरवताना माझे कान मागेच होते. ‘ये गं’ काही आलं नाही. इतके दिवस मी त्या घरातून मुकाट्याने उठून येत होते, म्हणून तिचं उत्तर आता येत नाही, हे मला कळलंच नव्हतं. दाराला डोकं टेकून मी पहिल्यांदा तिच्यासाठी रडले.